लिटरभर पाणी आणि माझं पत्रक

माझ्या पत्रकामुळे एका सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात एका सकाळी तीस-चाळीस माणसं लघवी धरून बसली होती. त्यातल्या निम्म्याअधिकांना ती धरायचं काहीही कारण नव्हतं. एकाचं तर मनगट मोडलं होतं.

रुग्णालय कोणतं ते लिहीत नाही. तिथल्या सिस्टरला मी तसा शब्द दिला आहे, आणि त्या सिस्टरला मी घाबरते. ते गोंदिया जिल्ह्यातलं आहे, एसटीनं जाता येतं, आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला ज्या दोन खोल्या लागतात त्यांच्याशी या गोष्टीचा संबंध आहे. पहिली एक्स-रेची, दुसरी सोनोग्राफीची. आणखी आत सीटी स्कॅनचं मोठं यंत्र आहे, पण तिथपर्यंत त्या दिवशी मी पोचलेच नाही.

पत्रकं लिहायला मी कॉलेजात असताना शिकले. ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, पत्रक चालत्या सायकलवरून वाचता आलं पाहिजे. त्यामुळे माझी वाक्यं आखूड असतात आणि उद्गारचिन्हं मी भाजीत मीठ घालावं तशी घालते. रेशन, रस्ता, शाळेचं गळकं छप्पर, सगळ्यांवर मी पत्रकं काढली आहेत. लोक ती घेतात, घडी घालतात आणि त्यात तंबाखू बांधतात. मी लिहिलेलं वाचून कोणी काही केलंय, असं त्या दिवसापर्यंत एकदाही झालं नव्हतं.

या पत्रकाचं कारण मात्र खरंच चीड आणणारं होतं. आमच्या गावाकडची माणसं गोंदियाच्या खाजगी सेंटरांत जाऊन पोटाचे, छातीचे, डोक्याचे फोटो काढत होती, आणि इकडे सरकारी रुग्णालयात तीच यंत्रं उभी होती. कोणाला पत्ताच नाही! कोणी सांगितलंच नाही! मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, सरकारी उत्तरं येतात तसं, 'सदर' या शब्दापासून सुरू होणारं. सदर रुग्णालयात क्ष-किरण, सोनोग्राफी व सीटी स्कॅन सुविधा उपलब्ध असून एमआरआय सुविधा उपलब्ध नाही. सोबत कोणतं यंत्र कधी बसवलं त्याचा तक्ता. ते उत्तर हातात घेऊन मी सरळ टायपिंगवाल्याकडे गेले.

मथळा माझाच होता. 'मशीन तुमचं! तपासणी तुमचा हक्क!' खाली यंत्रांची नावं, वार, आणि मागण्या. पहिली मागणी, 'नंबरानुसारच आत घ्या, वशिलेबाजी बंद करा!' तळाला बोटभर जागा उरली, तिथे एक चौकट बसत होती. माझ्या एका गरोदर मैत्रिणीची सोनोग्राफीची चिठ्ठी माझ्याकडे होती, तिच्यावरचा मजकूर मी जसाच्या तसा चौकटीत टाकला. 'तपासणीला येताना उपाशीपोटी या! लिटरभर पाणी प्या! लघवीला जाऊ नका!'

टायपिंगवाला गोंदियाचा, हिंदी बोलणारा. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दीदी, ये सब टेस्ट के लिए है क्या?"

"हो, सगळ्यांसाठी."

"हड्डीवाले के लिए भी?"

"पाणी पिऊन कोणाचं नुकसान झालंय का आजवर?" मी म्हटलं. "छापो तुम."

त्याने छापलं. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात मी ती पत्रकं स्वतः वाटली. रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या दारात उभी राहून वाटली. तिथेच एक माझ्या मोठ्या मायच्या हातात पडलं.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, आणि तोंडाने सगळ्या गावाची झाडाझडती. त्या वर्षी तिला जेवलं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, पार खांद्यापर्यंत. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, डोळे मिटून घ्यायची आणि कळ ओसरली की वाक्य तिथूनच पुढे सुरू करायची. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी महिनाभर सुपाखाली दाबून ठेवलेली होती.

"मोठे माय, चाल नं," मी म्हणायची.

"कायले?"

"पोटात काय आहे ते दिसते."

"म्हनूनच नाई येत. फोटो काढला तं निघते. नाई काढला तं नाई निघत."

हे तिचं शास्त्र होतं, आणि त्याला कारण होतं. तिची थोरली बहीण, जिला ती 'बाई' म्हणायची, अशीच पोट धरून बसायची. मग तिचं पोट फुगत गेलं आणि ती वारली. तिला नेमकं काय झालं होतं ते आजवर कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं गाठ, कोणी म्हणतं कावीळ, एका शेजारणीच्या मते करणी. कुठलीही तपासणी झाली नव्हती. मोठ्या मायने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता की आपल्यालाही तेच आहे, आणि ते न पाहिलेलंच बरं.

पत्रक वाचून, की माझ्या रोजच्या कटकटीला कंटाळून, ते माहीत नाही, पण एक दिवस तिने अट घातली.

"एकदाच येतो. त्या दिवशी झाला तं झाला. नाई झाला तं मंग मले म्हनू नको. पऱ्हे टाकून झाले आहेत. रोवनी लागली का मी कोनाच्या बापाले सापडत नाई."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, रोवणी म्हणजे त्यांची लावणी. ती सुरू झाली की आमच्याकडे बाई तापाने फणफणली तरी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभी असते. आणि रोवणी संपेपर्यंत मोठी माय चिठ्ठी चुलीत घालणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनच दिवस येत, तेही दुपारी एकपर्यंत. त्या दिवशी नंबर लागला नाही तर पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळे. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका सकाळी.

सकाळी तिने माझ्यासमोर दोन लोटे पाणी घशाखाली उतरवलं आणि तिसरा माझ्यापुढे केला.

"पे."

"मी? माझी कुठं तपासणी आहे?"

"मी एकटीच कायले पिऊ? पत्रक तुवं आहे. पे."

मी प्यायले. कार्यकर्तीने जनतेसोबत राहावं असं आम्हाला शिकवलेलं आहे.

बसस्टँडवर तिने एक आलूबोंडा घेतला, कागदात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. "फोटो झाल्यावर खाईन." मी पिशवी माझ्या मांडीवर घेतली आणि सबंध रस्ताभर त्या आलूबोंड्यावर पहारा दिला.

बसमध्ये पुढच्या सीटवर एक दादा होता. त्याचं मनगट सुजून कोहळ्यासारखं झालेलं, गळ्यात गमछ्याची झोळी बांधलेली. बैलाने धडक दिली होती म्हणे. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, बाजारात पत्रक वाटलं ते तुमीच नं? तुमी लिहिल्यापरमाने पानी पेऊनच निंगालो. सकारपासून लघवीले नाई गेलो."

माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू? कोणीतरी माझं पत्रक वाचलं होतं आणि त्याप्रमाणे वागलंही होतं. मोडलेल्या मनगटाचा मूत्राशयाशी काय संबंध, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

"शाब्बास दादा," मी म्हटलं. "धरून ठेवा."

रुग्णालयाच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा बाकडी भरून लोक भिंतीला टेकून खाली बसले होते. सोनोग्राफीच्या दारावर तो नेहमीचा फलक, इथे मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही, सांगणं गुन्हा आहे. त्याखाली स्टुलावर सिस्टर. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मी मोठ्या मायचा नंबर घेतला. एकोणीस.

तेवढ्यात आतून एक बाई बाहेर आली आणि सिस्टर उभ्या राहिल्या. नंबर पुकारतील म्हणून मी कान टवकारले. त्या म्हणाल्या, "कोणाला जोराची लागली आहे?"

आणि व्हरांड्यातल्या बाया एकमेकींकडे बघून ठरवायला लागल्या.

"हिले जाऊ द्या सिस्टर, हिचे पाय थरथरून राहिले."

"नाई नाई, मी थांबतो. त्या काकीले पाठवा, त्या कवाच्या भिंतीवर डोकं टेकून आहेत."

काकी आत गेली. माझं रक्त तापलं. नंबर कशाला देता मग? हीच ती बेबंदशाही! मी सिस्टरसमोर जाऊन उभी राहिले. "सिस्टर, नंबरानुसार का घेत नाही? हा अन्याय आहे."

सिस्टरनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू नंबरानुसार मुततेस का?"

मागे कोणीतरी खिदळलं. ती मोठी माय होती.

मग त्यांनी चार वाक्यांत समजावलं. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला लघवीची पिशवी भरलेली लागते. ती कोणाची कधी भरेल याचा नेम नसतो. एक नंबरवालीची भरली नसेल आणि चौदा नंबरवालीला धरवत नसेल, तर एक नंबरची वाट बघत चौदावीला फोडायचं का? म्हणून जिला जोराची ती आधी. इथे कित्येक वर्षं असंच चालतं आणि आजवर एकही भांडण झालेलं नाही.

पहिली मागणी मी मनातल्या मनात खोडली.

"पण आज काय झालंय कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आज सगळ्यांनाच जोराची लागली आहे. एक्स-रेच्या लाइनीतले पण पाय आपटून राहिले. विचारलं तर म्हणतात, कागदावर लिहिलंय."

कोणता कागद, ते मी विचारलं नाही. मनगटवाल्या दादाने न विचारताच दाखवला. डाव्या हाताने खिशातून काढला, घडी उलगडली आणि मोठ्या कौतुकाने माझ्याकडे बोट केलं. "या ताईनं लिहिलं."

सिस्टरनी चष्मा वर केला, चौकट वाचली, खाली केला, पुन्हा वाचली.

"हाडाच्या फोटोला लघवी कशाला लागते गं?"

"जागा कमी होती," मी म्हटलं. इतकं पोकळ वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

"आणि ती म्हातारी बघ. छातीचा एक्स-रे आहे, काल रात्रीपासून उपाशी बसली आहे. तो गुडघेवाला बघ, काळानिळा पडलाय." मग त्या उठल्या आणि व्हरांड्याच्या मधोमध मला उभं केलं. "तूच लिहिलंस नं? आता तूच सांग. एकेकाची चिठ्ठी बघ, आणि ज्याला धरायची गरज नाही त्याला सोड."

मोर्चात घोषणा देण्याचा माझा आवाज चांगला आहे. तो त्या दिवशी जसा कामी आला तसा कधीच आला नव्हता.

"हातपाय मोडलेले सगळे! जाऊन या!" मी ओरडले. "छातीवाले! तुम्हीही जा! आणि चहा प्या, पोहे खा!"

"ताई, गुडघ्याचं?"

"गुडघ्याला माफी आहे! जा!"

"आता सांगून राहिली," मनगटवाला दादा धावता धावता म्हणाला. "येवडा तलाव धरून आनला मी गावाहून!"

पुरुष सुटले. आवाराच्या भिंतीपलीकडे झुडपं होती, त्यांना तेवढं पुरलं. प्रश्न बायांचा होता. बायांच्या संडासाला कुलूप होतं. त्याला टेकून वॉर्डबॉय मोबाइल बघत उभा होता.

"पाइप लीक है, बहनजी. बंद है."

"कधीपासून?"

"बहुत दिन से."

"चाबी?"

"साहब के पास."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या झोळीत या साहेबांना, रुग्णालयाच्या प्रमुखांना, द्यायचं सात मुद्द्यांचं निवेदन आहे आणि त्या सातांत संडास कुठेच नाही. ज्या जागी बायांना लिटरभर पाणी पिऊन यायला सांगतात, त्याच जागी संडासाला कुलूप! आणि हे मला, पत्रकवालीला, स्वतः येऊन स्वतःला लागेपर्यंत दिसलं नव्हतं. कारण एव्हाना मलाही लागली होती.

मी चीड जमवून पहिलं वाक्य जुळवत होते. तोवर मोठी माय चालायला लागली होती. तिच्या मागे छातीवाली म्हातारी, तिच्यामागे एक्स-रेच्या रांगेतल्या सगळ्या बाया आणि सोनोग्राफीतल्या ज्यांना आता धरवत नव्हतं त्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. साहेबांच्या खोलीचा पडदा मोठ्या मायने बाजूला केला. आत साहेब फायलीत डोकं घालून बसले होते, आणि त्यांच्या खुर्चीमागे अर्धवट उघडं दार, दारातून दिसणारी पांढरी फरशी, नळ, बादली.

"साहेब, तुमी काम करा," मोठी माय अगदी मायेने म्हणाली. "आमी तुमच्या इथलं वापरतो. पंधरा-वीस जनीच आहोत."

"अहो बाई, हे... इथे कसं?"

"मंग कुठं? तिकडं कुलूप आहे. इथं नाई. आमी एकेक करून येतो, गर्दी नाई करत. चाल वं काकी, तू पयले."

सोनोग्राफी आटोपून आलेल्या काकीने खोलीत पाऊल टाकलं. साहेबांनी टेबलाचा खण उघडला. आजवर मी कितीतरी निवेदनं दिली आहेत, पण एखादी मागणी इतक्या लवकर मान्य होताना कधी पाहिली नाही. चावी पहिल्याच खणात होती. पाइप गळत होता हे खरं, पण आतल्या तीन संडासांपैकी एकाचाच. उरलेले दोन कडकडीत कोरडे.

मी बाहेर उभी राहून ओळ लावत होते. स्वतः आधी जावं असं फार वाटत होतं, पण आंदोलनात पुढाऱ्याने शेवटी जायचं असतं. त्यात मी पुढारी नव्हते हा भाग वेगळा. साहेबांच्या खोलीतल्या घड्याळात साडेबारा होत आले होते. मी मागे वळून मोठ्या मायला शोधलं. ती संडासातून बाहेर येत होती. पदराला हात पुसत, गाणं म्हणावं अशा चेहऱ्याने.

"झालं," ती म्हणाली. "मोकळी झाली मी. आता कायचा फोटो? चाल घरी."

"मोठे माय! तुला धरून ठेवायची होती!"

तिने पोलक्यातून माझं पत्रक काढलं. चौपदरी घडी, घामाने ओलसर. चौकटीवर बोट ठेवून तिने एकेक अक्षर वाचलं. "लघवीले... जाऊ... नका. तूच लिहिलं नं? मी गेली. म्हनजे मी कायद्यानं बाद."

"तू मुद्दाम गेलीस."

"मुद्दाम नाई तं काय! मी काय पोट्टी आहो, चुकून जायाले?"

मला भयंकर राग आला. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला सोनोग्राफीचं दार होतं, त्याच्याकडे पाहत होती.

"बाईचं असंच दुखे," ती हळू आवाजात म्हणाली. "इथंच. उजवीकडं. जेवली का."

मी काही म्हणायच्या आत सिस्टर आल्या. "एकोणीस कोण? डॉक्टरीणबाई निघायच्या बेतात आहेत. चिठ्ठी कुठाय?"

चिठ्ठी माझ्याच हातात होती, महिनाभर सुपाखाली राहून तंबाखूच्या वासाची. मी ती दिली. सिस्टरनी वाचली आणि मग मला वाचायला लावली. डॉक्टरांचं अक्षर म्हणून मी ती कधी नीट वाचलीच नव्हती. 'पित्ताशय' असं स्पष्ट लिहिलं होतं.

"हे वरचं पोट," सिस्टर म्हणाल्या. "याला लघवी भरलेली असली काय, नसली काय. फक्त उपाशी लागते. खाल्लं असलं तर पित्ताची पिशवी आकसून जाते, काही दिसत नाही." त्या मोठ्या मायकडे वळल्या. "मावशी, सकाळपासून काही खाल्लं का?"

मोठ्या मायने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे, जिच्यात आलूबोंडा होता. एक शब्द, बस. 'खाल्लं' म्हटलं की संपलं. रोवणी, मग निंदणी, मग कापणी, आणि चिठ्ठी चुलीत. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला.

पण मोठी माय दर रविवारी विहारात पुढच्या ओळीत बसते आणि पंचशील सगळ्यांहून मोठ्याने म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते पुटपुटणाऱ्यांना ती मागे वळून दटावते. कपट तिला चालतं. मुतून येऊन कायद्यानं बाद होणं चालतं. तोंडाने खोटं बोलणं चालत नाही.

"नाई खाल्लं," ती म्हणाली. चोरी कबूल करावी तशी.

सिस्टरनी तिचं मनगट धरलं. "मग चला. आणि तू पण ये गं, पत्रकवाली. हिचा हात धर. तोंड मात्र बंद."

खोलीत अंधार होता आणि गार होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या. त्यांनी पोटावर जेल लावलं.

"अवं बाई! काय लावून राहिली? बर्फ?"

"जेल आहे, मावशी. आता श्वास आत घ्या. धरा. धरून ठेवा."

"सकारपासून मुतनं धराले लावलं," मोठी माय खाटेवरून म्हणाली, "आता श्वास धरा!"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि पुन्हा श्वास घ्यायला लावला. मग हसणं थांबलं. पडद्यावर राखाडी धुकं सरकत होतं. त्यांनी हात एका जागी थांबवला, कळ दाबली, पुन्हा सरकवला, पुन्हा थांबवला. मोठ्या मायची बोटं माझ्या हातात होती, तेंदूपत्त्याने कडक झालेली. ती दाबत होती, दाबतच होती. मला एकही घोषणा आठवत नव्हती.

"गाठ आहे नं?" तिनेच विचारलं.

"गाठ नाही, मावशी. खडे आहेत. पित्ताच्या पिशवीत." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे पांढरं दिसतं नं, आणि त्याच्या मागे ही काळी सावली? हा एक खडा. हा दुसरा. हे बारके. बाकी यकृत वगैरे चांगलं दिसतंय."

मोठी माय मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली. मग तिच्यातली घरधनीण दुखावली.

"मी तं तांदूर निवडून निवडून रांधतो, बाई. तुमी कोनालेही इचारा. खडे आले कोठून?"

"ते खडे वेगळे. हे आतच तयार होतात. ऑपरेशनच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील कधी काढायचे. तोवर तेलकट बंद."

बाहेर आलो तर मनगटवाला दादा बाकावर बसला होता, हात प्लास्टरात, दुसऱ्या हातात चहा. "ताई," त्याने हाक मारली, "पुढच्या खेपेले पाय मोडला तं किती पानी पेऊ?" सबंध व्हरांडा हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

सिस्टरनी मला स्टुलाशेजारी बसवलं आणि माझ्याच पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लावलं. हाडाच्या आणि छातीच्या एक्स-रेला जेवून या, मोकळे होऊन या, गळ्यातलं घरी ठेवा. वरच्या पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला पाणी. सीटी स्कॅनचं चिठ्ठी देणारा सांगेल, स्वतः अक्कल चालवू नका. "आणि हे सगळ्यात वर घाल," त्या म्हणाल्या, "की आधी चिठ्ठी वाचा. वाचता येत नसेल तर सिस्टरला विचारा. आमचं नाव नको, हॉस्पिटलचं नको. आणि ती उद्गारचिन्हं कमी कर गं, डोकं दुखते."

परतीच्या बसमध्ये व्हरांड्यातल्या बऱ्याच बाया होत्या; मोठी माय खिडकीशी बसली. तिने पिशवीतून आलूबोंडा काढला. मी तो तिच्या हातातून घेतला.

"तेलकट बंद."

"हे तुह्या पत्रकात होतं का?"

"पुढच्यात असेल," मी म्हटलं आणि तो खाल्ला. ती माझ्या तोंडाकडे शेवटच्या घासापर्यंत बघत राहिली.

धानाच्या बांध्या मागे जात होत्या. पऱ्ह्यांचे हिरवेगार तुकडे, बाकीचं सगळं करडं. मोठी माय त्या बघत बसली होती. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "बाईले काय होतं वं? खडेच असतीन का?"

"सांगता येत नाही, मोठे माय."

"तिचा असा फोटो काढला असता तं दिसलं असतं."

"हो."

"तवा हे मशीन होतं का इथं?"

माझ्या झोळीत ते सरकारी उत्तर होतं. त्यातला तक्ता मला पाठ होता. कोणतं यंत्र कधी बसवलं, ते. 'माहीत नाही' म्हणून सुटता आलं असतं. दुपारी सिस्टरसमोर तिलाही एका शब्दात सुटता आलं असतं.

"होतं," मी म्हटलं. "ती वारली त्याच्या आधीपासून होतं."

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. पोलक्यातून ते ओलसर पत्रक काढलं, मांडीवर ठेवलं आणि बिडीचं पान सपाट करावं तसं तळव्याने सपाट केलं.

"कोनी सांगतलंच नाई," ती म्हणाली. मग पत्रक माझ्या हातात ठेवलं. "छाप अजून. मी वाटतो, रोवनीत. बांधीत सगळ्या बाया भेटतेत. फक्त बरोबर लिही या टायमाले."

मला काहीतरी चांगलं, मोठं बोलायचं होतं. पण सकाळचा तो लोटा, ज्याचा हिशेब मी दिवसभर पुढे ढकलत आले होते, तो आता आणखी एक मैलही थांबायला तयार नव्हता. संडासाच्या ओळीत मी शेवटी उभी राहिले होते आणि नंतर माझा नंबर लागलाच नव्हता. मी उठले आणि कंडक्टरच्या कानाशी जाऊन गाडी थांबवायला सांगितलं.

"काऊन ताई? इथं तं स्टॉप नाई."

"थांबवा नं भाऊ," मागून मोठी माय सबंध बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पत्रकवालीले जोराची लागली आहे. नंबर तिचा आहे."

गाडी थांबली. मी बांधाकडे पळाले. मागे वळून पाहिलं तर आणखी सहा-सात बाया उतरून माझ्या मागोमाग येत होत्या, प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी, आणि सगळ्यांत पुढे मोठी माय. तिला लागलेलीच नव्हती. ती आडोसा धरायला पदर सोडवत येत होती.